मामा, तुमचं भाषण राहून गेलं

मामा, परवा तुमच्या दहाव्याला मी बोललो. वाईट बोललो. एक वाक्य अर्धंच राहिलं आणि एका जागी तर नुसताच उभा राहिलो. तुम्ही असतात तर गर्दीच्या कडेला उकिडवे बसून, तळहातावर तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं असतं आणि घरी जाताना एखादंच वाक्य टाकलं असतं, मला वर्षभर पुरेल असं. तसं वाक्य टाकणारं आता कुणी उरलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. 'झालं, भाचेबुवांनी पुन्हा कागुद काढला,' असं तुम्ही म्हणणार, हेही ठाऊक आहे.

तुम्ही माझ्या आईचे धाकटे भाऊ. वेरूळच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आपली धनगरांची वाडी. तिथं तुम्ही मेंढरांमागं जन्म काढला. मी तिथूनच शिकून शहरात आलो आणि वाळूजकडच्या एका कारखान्यात माणसांना 'चारचौघांत कसं बोलावं' हे शिकवायची नोकरी धरली. ही नोकरी काय आहे ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे संशयानं बघितलं होतं.

"म्हंजे बोलता येणाऱ्या माणसांना बोलायला शिकवायचं?"

"हो."

"आन् त्येचा पगार?"

"देतात की कंपनीवाले."

तुम्ही तंबाखूची चिमूट तोंडात टाकलीत. "बरं हाय. मेंढरांना चालायला शिकवायची जागा निघाली तर मला कळव."

माझी पद्धत तुम्हाला पाठ होती, कारण दर दिवाळीला मी ती तुम्हाला समजावून सांगायचो. आधी मुद्दे काढायचे. तीनच. मग अक्षर न् अक्षर लिहून काढायचं. मग कुठं थांबायचं, कुठं हसायचं, कुठं आवाज चढवायचा ते कंसात लिहायचं, लाल शाईनं. मग न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून, मोबाईलवर वेळ लावून पाच वेळा म्हणायचं. पाच म्हणजे पाच. आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि नेमका त्याच दिवशी मी आत कोंडून घेतो. मग तुमची भाचेसून दारावर थाप मारते, "अहो, आंघोळ करताय का सभा घेताय? पाणी जाईल!"

तुमचं तसं काही नव्हतं. आसपासच्या गावांत कुणाचं दहावं असलं, सोयरीक मोडायला आली असली, भावाभावांत बांधावरून वाजलं असलं, की बोलायला तुम्हाला बोलवायचे. तुम्ही आदल्या दिवशी त्या घरी जायचात. काठी दाराशी टेकवायची, ओट्यावर बसायचं आणि विचारत सुटायचं. "काय खायला आवडायचं त्येला? कुणाशी बोलणं तोडलं व्हतं? शेवटचं कवा हसला?" घरच्या बायकांना विचारायचात, गड्यांना विचारायचात, शेजारणीला हाक मारून विचारायचात. लिहून घ्यायचा प्रश्नच नव्हता. दुसरीतून शाळा सुटलेली, एसटीची पाटी अक्षर लावून लावून वाचता यायची, एवढंच. दुसऱ्या दिवशी उभं राहून चार-दोन वाक्यं बोलायचात आणि बसायचात.

एकदा मी तुमच्यासोबत होतो. अख्खं गाव ज्याला चिक्कू म्हणायचं अशा एका म्हाताऱ्याचं दहावं होतं. बाकीचे बोलणारे 'दानशूर' म्हणून गेले, 'मनमिळाऊ' म्हणून गेले. घरच्यांनीसुद्धा माना खाली घातल्या. मग तुम्ही उठलात.

"ह्या माणसानं कुणाला कधी घोटभर चहा पाजला नाय," तुम्ही म्हणालात, आणि सगळ्यांचा श्वास अडकला. "पण वीस वर्षं माझी मेंढरं ह्याच्या बांधावरून गेली, ह्यानं कधी दगुड उचलला नाय. काल ह्याची म्हातारी सांगत व्हती, घुंगराचा आवाज आला की ह्यो दारात येऊन उभा ऱ्हायचा. कोकरं बघायला. हे कुणालाच ठाव नव्हतं. आता झालं."

आणि बसलात. त्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मी काय केलं? मी खिशातली वही काढून लिहून घेतलं: 'भावनिक शेवट, परिणामकारक.' असा मी, मामा. पाऊस पडला की भिजायच्या आधी किती मिलिमीटर झाला ते विचारणारा.

आपला वाद कायम हाच. मी म्हणायचो, आधी लिहून नाही काढलं तर माणूस भरकटतो. तुम्ही म्हणायचात, "भरकटू दे की. मेंढरं भरकटली तर वळवता येत्यात. कागुद वळत नाय." माझ्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा मी बारा मिनिटांचं आभाराचं भाषण तयार केलं होतं. चौथ्या मिनिटाला स्वयंपाकघरातून जिलबीचा वास आला. सातव्या मिनिटाला समोर तुम्ही, मामी आणि एक झोपलेलं बाळ एवढेच उरलात. जाताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. "भाचे, भाषण चांगलं व्हतं. माणसं बी चांगली व्हती. दोघांची गाठ पडली नाय, एवढंच." हे मी पुढं कारखान्यात दर वर्गाला सांगत आलो. लोक हसतात. तुमचं वाक्य आहे हे मात्र कधी सांगितलं नाही.

आता त्या दुष्काळाकडं येतो. टाळत होतो.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. वाडीची विहीर तळाला गेलेली, टँकर आला की त्याच्यामागं हंडे धावायचे. शेजारच्या मोठ्या गावात जनावरांची छावणी उघडली, पण तिथं गाय, बैल, म्हैस एवढ्यांनाच दावण होती. मेंढरांना जागा नव्हती. छावणी बघायला तालुक्याचे एक साहेब येणार असं कळलं, आणि सगळ्या मेंढरंवाल्यांनी आपल्यातर्फे बोलायला तुम्हाला धरलं. तुम्ही तुमच्या रीतीनं तयारीला लागलात. आठ दिवस पायी फिरलात. ज्या ज्या रानात मेंढरांचे मुक्काम पडले होते तिथं तिथं जाऊन बसलात, थेट कन्नडच्या घाटापर्यंत.

आणि नवव्या दिवशी, शनिवारी, मी वाडीत उतरलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाईल.

"मामा, हे काही कुणाचं दहावं नाही. अधिकारी माणूस येतोय. तिथं मुद्देसूद बोलावं लागतं."

"मी समद्यांना इचारून आलोय की, भाचे."

"विचारलंत ते चांगलंच केलंत. पण मांडणी पाहिजे, मांडणी!"

लोकांनी काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. मला ते सुचलंच नाही. माझ्या फाईलमध्ये तीन पानं तयार होती. सुवाच्य अक्षरात, काळ्या शाईत भाषण आणि लाल शाईत, कंसात, माझ्या सूचना. मागणी एकच, ठळक आणि अधोरेखित: छावणीत मेंढ्यांनाही प्रवेश मिळावा. कंसाबद्दल तुम्हाला सांगायला हवं होतं. पण सात वर्षं रोज कंस वापरणाऱ्या माणसाला कंस म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागेल असं वाटत नाही.

आपल्यात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत. मी लहान असताना दिवाळीला तुम्ही माझ्या पायाला हात लावायचात आणि मी लाजून आईच्या मागं लपायचो. मोठा झाल्यावर मी लाजायचं सोडून दिलं. त्या शनिवारी तुम्ही ती तीन पानं दोन्ही हातांनी घेतलीत, कपाळाला लावलीत आणि म्हणालात, "भाच्यानं लिहिलंय म्हंजे इचार करूनच लिहिलं असंल." मी संध्याकाळच्या एसटीनं समाधानानं परत गेलो.

गुरुवारी मी रजा काढून आलो होतो. छावणीजवळ मंडप टाकलेला, समोर टेबल, टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागं उभा राहिलो, माझी निर्मिती लांबून कशी दिसते ते बघायला. तुमचं नाव पुकारलं. पुढच्या माणसांच्या फेट्या-टोप्यांमधून मला तुमचा फक्त चेहरा दिसत होता.

"आदरणीय महोदय आणि उपस्थित बंधू-भगिनींनो," तुम्ही सुरुवात केलीत. आवाज खणखणीत. मग म्हणालात, "इथे थांबणे. सर्वांकडे हसून पाहणे." आणि थांबलात. आणि सगळ्यांकडं हसून पाहिलंत.

लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"सद्यःस्थितीत लहान जनावरांच्या चाऱ्याचा प्रश्न गंभीर बनला आहे. आवाज चढवणे. हा प्रश्न आमच्या जगण्या-मरण्याचा आहे!" आवाज खरंच चढवला होतात. मागं कुणीतरी खुदकन हसलं. आणि मग ते आलं.

"पाण्याचा एक घोट घेणे."

दोन वर्षं पाऊस नाही, हंडाभर पाण्यासाठी बाया दोन-दोन कोस चालतायत, समोर सीलबंद बाटल्या, आणि तुम्ही हे म्हणून तसेच उभे. एक क्षण कुणाला कळेना. मग अख्खा मंडप फुटला. साहेबसुद्धा हसले, आणि हसत हसतच एक बाटली तुमच्याकडं सरकवत म्हणाले, "घ्या बाबा, घ्या. लाजू नका." तुम्ही बाटली हातात घेतलीत, तोंडासमोर धरून बघितलीत, तशीच परत ठेवलीत आणि पुढचं बोलायला लागलात. त्या हसण्यातून, शेवटच्या ओळीपर्यंत. 'नमस्कार करून खाली बसणे'पर्यंत.

"तुमचं जे काय असेल ते लेखी द्या," साहेब डोळे पुसत म्हणाले. मी माणसं बाजूला सारत पुढं गेलो आणि फाईलमधली झेरॉक्स प्रत त्यांना दिली. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, बघा, लिहून ठेवलेलं उपयोगी पडलं की नाही. ती प्रत पुढं कुठं गेली ते तिलाच माहीत.

त्या उन्हाळ्यात वाडीतली निम्मी मेंढरं बाजारात गेली. तुमचीही. राहिलेली तुम्ही पुढच्या दोन वर्षांत विकून काढलीत आणि शहरात आलात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एका नव्या इमारतीचे वॉचमन म्हणून. पूर्वी पावसाळ्यात त्याच माळावर तुमची मेंढरं उतरायची. आता तिथं सात मजले झाले होते आणि तुम्ही निळा शर्ट घालून फाटकाशी स्टुलावर बसायचात. दर रविवारी आमच्याकडं जेवायला यायचात.

आणि दर रविवारी, कुणी पाहुणा असला की, मी ती पाण्याची गोष्ट सांगायचो.

घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडं, हे सगळे मानतात. लग्नात, बारशात, हळदीत मला फर्माईश होते. आणि सगळ्यांत जास्त मागणी तुमच्या भाषणाला. मी ती रंगवत नेली. चष्मा घातला तुमच्या नाकावर, तो तुम्ही कधी वापरलाच नव्हता. कागद धरायला लावला तुम्हाला, आधी सरळ, पुढं पुढं उलटा. "मामा बोट लावून लावून वाचतायत, आणि वाचता वाचता..." एवढं म्हणेपर्यंत लोक पोट धरायचे. तुम्ही समोरच बसलेले असायचात. सगळ्यांत आधी तुम्हीच हसायचात. बाटली परत ठेवायचा अभिनय तर तुम्हीच करून दाखवायचात. मला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे माझा मामा.

त्या सभेनंतर तुम्ही कुठं बोलायला उभे राहिला नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. दहाव्याला यायचात, मागं बसायचात, उठून जायचात. मी तुमच्या वयावर टाकलं. ड्युटीवर टाकलं. माझ्याकडं टाकायला जागा पुष्कळ असतात.

तुम्ही गेल्यावर थोरल्यांनी ठरवलं, दहाव्याला भाच्यानं बोलावं. मी लगेच तयारीला लागलो. लाज वाटते सांगायला, पण तीन मुद्दे काढले: मामांचं मन, मामांचं रान, मामांचा विनोद. तिसऱ्या मुद्द्यात अर्थात पाण्याची गोष्ट. सहा कार्डं झाली. आरशासमोर उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्याला थांबलो. पाच सोडा, एकदाही पुरतं म्हणता येईना. दारावर थापही पडली नाही, हिनं बाहेरूनच विचारलं, "तुम्ही तिकडं जाऊन का येत नाही एकदा?"

म्हणून नवव्या दिवशी वाडीत गेलो. काठी नव्हती माझ्याकडं, मोबाईल होता, तो खिशात घातला आणि ओट्यावर बसलो. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुनीता, तुमची लेक, उद्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत होती. मी तुमच्यासारखं विचारून बघितलं, "मामी, मामांना काय खायला आवडायचं?"

"तुला ठाव नाय व्हय?" मामी म्हणाल्या.

मला ठाव नव्हतं, मामा. इतक्या वर्षांचे रविवार आमच्याकडं जेवलात. जे वाढलं ते खाल्लंत.

मग विषय बदलायला म्हणून मी सुनीताला म्हटलं, "उद्या ती पाण्याची गोष्ट सांगू म्हणतो. लोकांना जरा हलकं वाटेल."

सुनीताचे हात थांबले. "दादा, ती नको सांगू."

"का गं? मामांना स्वतःला आवडायची."

"तू सांगितलेली खोटी हाय म्हणून."

मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं." पण ती थांबली नाही. तांदळाकडं बघतच बोलत राहिली.

"कागद वाचत नव्हते बाबा. कागद घरीच होता, देव्हाऱ्यात. आईनं ठेवला होता, चुरगळू नये म्हणून. मी तेव्हा बाळंतपणाला आले होते. तू देऊन गेलास त्या दिवसापासून रोज मला बसवायचे आणि म्हणायचे, वाच. मी वाचायचे, ते मागून म्हणायचे. मग मेंढरांमागं जायचे आणि दिवसभर तेच म्हणत फिरायचे. संध्याकाळी आले की पुन्हा वाच. चार-पाच दिवसांत तीन पानं पाठ केली त्यांनी. मी विचारलं होतं, बाबा, हे लाल शाईतलं पण बोलायचं का? तर म्हणाले, भाच्यानं लिहिलंय ना? मग एक शब्द सोडायचा नाय."

तिनं सूप एकदा हलवलं.

"सभेहून आले आणि आईला म्हणाले, त्याला सांगू नका मी पाठ केलं होतं. त्याला वाईट वाटंल. वाचताना चुकलं असंच वाटू दे."

"पण ते हसायचे की गं सगळ्यांसोबत..."

"तुझ्या घरी हसायचे," सुनीता म्हणाली. "मी रविवारी भेटायला यायचे ना त्यांना. तू ती गोष्ट सांगितली असली की संध्याकाळी जेवायचे नाय."

मामा, माझ्या नोकरीत मी शिकवतो की वाईट बातमी ऐकल्यावर आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडावं. सुनीतानं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठी विधी उरकला. गुरुजींचं झालं, सरपंच बोलले, मग माझं नाव आलं. खिशातली सहा कार्डं खिशातच राहिली. मी उभा राहिलो आणि बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर आधीच हसू उमटलं, कारण मी उभा राहिलो की काय येणार ते सगळ्यांना ठाऊक. मागून एक पाहुणा म्हणालाच, "ती पाण्याची सांगा की राव!"

सांगितली. 'इथे थांबणे'पासून 'घोट घेणे'पर्यंत सगळी. लोक हसले, बाटलीवर तर जास्तच. मग मी म्हटलं, "ती तीन पानं मी लिहिली होती. मामा वाचत नव्हते. त्यांनी पाठ केली होती, कारण ती मी लिहिली होती. तुम्ही मामांना हसलात, पण..." 'हसायचं होतं ते मला' असं मला म्हणायचं होतं. ते निघेना. शेवटी म्हणालो, "चूक माझी होती," आणि बसलो. गुरुजींनी घाईघाईनं पुढचं सांगायला घेतलं.

माणसं पांगायला लागली तेव्हा भिवाबा आले. घाटाकडचे मेंढपाळ, तुमच्याहून चार वर्षांनी थोरले, आता काठीशिवाय उठता येत नाही. माझ्याजवळ येऊन बसले.

"भाचे, एक इचारू का? त्या कागुदात हौद कामून नव्हता?"

"कसला हौद?"

"आमचा. तुझा मामा, रामा, आठ दिस फिरला की आमच्यात. मी त्याला सांगितलं व्हतं, साहेबाला म्हण, गाय दावणीला जगती, मेंढरू बांधलं की मरतं. छावणी कुणाला पाहिजे व्हती? टँकरच्या वाटंवर मेंढरांसाठी एक हौद द्या आन् डोंगराकडं जायला वाट द्या. एवढंच."

माझ्या तीन पानांत हौद नव्हता. वाट नव्हती. जे कुणालाच नको होतं ते मी अधोरेखित करून दिलं होतं, आणि तुम्हाला हे ठाऊक असूनही तुम्ही ते पाठ केलं होतं.

"आम्ही लई बोललो रामाला तवा," भिवाबा म्हणाले. "भाच्याचा पोपट झालास म्हणलो. आम्ही काय सांगितलं आन् तू काय बोललास! त्यो म्हणला, माझा भाचा शिकलेला हाय, सरकारात काय मागाया लागतं त्याला जास्त कळतं. मग आम्ही पुन्यांदा त्याला बोलायला बोलवलं नाय. आमचं बी चुकलं आसंल."

म्हणजे वय नव्हतं ते, मामा. ड्युटीही नव्हती.

मी तिथून उठलो आणि जे जे मेंढरंवाले अजून काठावर होते त्यांच्याकडं गेलो. एकेकाला विचारलं, तेव्हा तुम्ही मामांना काय सांगितलं होतं? आधी ते चमकले. मग आठवायला लागले. सखूबाई म्हणाल्या, "मी म्हणलं व्हतं, कोकरू मेलं की मेंढी दोन दिस वरडती. साहेबाला म्हणावं, एक दिस आमच्यात येऊन ते ऐक, मग कागुद कर." एक जण म्हणाला, "औषध फवारलेल्या रानाला खुणेला चिंधी बांधायला लावा म्हणलं होतं. पाला खाऊन मरत्यात. चिंधीला काय लागतंय?" दुसऱ्याला आठवलंच नाही, त्याच्या बापानं सांगितलं होतं आणि बाप मागंच गेला. असे सात-आठ तुकडे मिळाले. सगळे मिळून दोन मिनिटांचं भाषण झालं असतं. मी आजवर ऐकलेलं सगळ्यांत चांगलं.

"पण हे झालं आमचं," भिवाबा म्हणाले. "रामाची रीत येगळी व्हती. समद्यांचं सांगून झालं की शेवटाला त्यो आपलं एक वाक्य घालायचा. ते आधी कुणालाच सांगायचा नाय. तेच खरं आसायचं त्याचं."

मी घरी आलो. मामी आतल्या खोलीत दाराशी बसल्या होत्या. बाहेर पंगत चालू होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, भिवाबांचं, सखूबाईंचं, चिंधीचं. मग विचारलं, "मामी, मामांचं स्वतःचं काय होतं? शेवटी ते काय म्हणणार होते? तुम्हाला तरी बोलले असतील."

मामींनी पदर सारखा केला.

"त्यांनी आठ दिस समद्या मुलखाला इचारलं," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी इचारलं? तू इचारलं?"

"नाही."

"मी बी नाय इचारलं रे. आठ दिस रोज भाकरी बांधून दिल्या. दारापतोर पोचवाया गेले. कवा येताल, एवढंच इचारलं."